बुंडरबोसचे सॅलमँडर: एका जंगलातली ९६ टक्के घट आणि तिच्या कारणाचा शोध

नेदरलँड्स हा सपाट देश. त्याला अपवाद म्हणजे अगदी दक्षिणेचा, लिम्बर्ग प्रांताचा कोपरा. इथे पठार संपतं आणि जमीन मास नदीच्या खोऱ्याकडे उतरते. त्या उतारावर, बुंडे आणि एल्स्लो या गावांना लागून, बुंडरबोस नावाचं पानगळीचं जंगल आहे. उताराच्या पोटातून जागोजागी झरे फुटतात. पाण्यात चुना भरपूर, त्यामुळे काही ठिकाणी बुडालेल्या फांद्यांवर आणि शेवाळावर चुन्याचा थर चढत जातो. सावली, पाचोळा, बारमाही ओल आणि मासे नसलेले बारीक ओहोळ या चारही गोष्टी इथे एकत्र आहेत, आणि फायर सॅलमँडरला नेमक्या याच लागतात.

सॅलमँडर आणि न्यूट हे शेपटीवाले उभयचर. दुरून पालीसारखे दिसतात, पण ते बेडकांचे नातेवाईक आहेत. अंगावर खवले नाहीत, कातडी पातळ आणि कायम ओली. फायर सॅलमँडर वीतभर लांबीचा असतो. रंग काळा कुळकुळीत आणि पाठीवर पिवळेजर्द पट्टे. इथल्या उपजातीत हे पट्टे डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन तुटक रांगांत जातात. डोळ्यांच्या मागे दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यांत विष. दिवसभर तो ओंडक्याखाली, मुळांच्या पोकळीत दडून राहतो आणि पाऊस पडलेल्या रात्री सावकाश चालत बाहेर येतो. कुणाच्या डोळ्यांवर येण्याची भीती त्याला नसते, कारण पिवळा रंगच शिकाऱ्याला बजावतो की मला खाऊ नको.

त्याच्या दोन गोष्टी या प्रकरणात पुढे पुन्हा येतात. पहिली त्याच्या आयुष्याची चाल. मोठा झालेला फायर सॅलमँडर वीस-वीस वर्षं जगू शकतो. मादी अंडी घालत नाही, कल्ले असलेली जिवंत पिल्लं वसंतात ओहोळात सोडते. एका वेळी तीसेक पिल्लं असली तरी त्यांतली बहुतेक मोठी होतच नाहीत. म्हणजे या प्राण्याची सगळी भिस्त पोक्त जनावरांवर आहे. ती दरवर्षी थोडीथोडी पिल्लं देत राहतात, एखादा हंगाम वाया गेला तरी पुढचा असतो. पण पोक्त जनावरंच मरू लागली, तर ही चाल पार कोलमडते. दुसरी गोष्ट पाठीवरची नक्षी. कोणत्याही दोन सॅलमँडरांचे पट्टे सारखे नसतात आणि आयुष्यभर ते ओळखू येतात. नुसता फोटो काढला तरी पुढच्या वर्षी कळतं की हा तोच.

फायर सॅलमँडर मध्य आणि दक्षिण युरोपात दूरवर पसरलेला आहे. नेदरलँड्स त्याच्या पसाऱ्याचा काठ. देशात त्याच्या अवघ्या तीन लहान वस्त्या होत्या, तिन्ही दक्षिण टोकाला, आणि बुंडरबोस त्यांतली एक. राष्ट्रीय लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ होता, कारण जागा फार थोडी. पण आकडे वर्षानुवर्षं टिकून होते, म्हणून परिस्थिती स्थिर मानली जात होती. त्या काळच्या माहितीवर हा निष्कर्ष चुकीचा नव्हता. फक्त ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ ‘सुरक्षित’ असा होत नाही. तीन लहान वस्त्या म्हणजे तीन पणत्या, वाऱ्याची एकच झुळूक पुरते.

मेलेली जनावरं

२००८ पासून बुंडरबोसमध्ये मेलेले सॅलमँडर दिसू लागले. एकदा नाही, अनेकदा.

हे किती वेगळं आहे, ते ज्याने उभयचरांमागे रात्री घालवल्या आहेत त्यालाच पटेल. मेलेला बेडूक किंवा सॅलमँडर जंगलात सहसा सापडत नाही. हाडं बारीक, कातडी पातळ, ओलीत दोन-चार दिवसांत सगळं विरघळून जातं, नाहीतर कुणीतरी खाऊन टाकतं. त्यामुळे पायवाटेवर मेलेलं जनावर दिसलं, तर न दिसलेली बरीच असणार असं धरूनच चालावं लागतं. तरीही एक-दोन मेलेल्या प्राण्यांवरून कुणी धोक्याची घंटा वाजवत नाही, वाजवलीच तर कुणी ऐकत नाही.

घंटा वाजली ती मोजणीमुळे. नेदरलँड्समध्ये उभयचर, सरपटणारे प्राणी आणि मासे यांच्यासाठी राव्हॉन नावाची संस्था काम करते. ठरलेल्या वाटा, ठरलेला हंगाम, पावसाळी रात्र, हातात टॉर्च, आणि दिसेल तो प्राणी मोजायचा, असं हे काम. वर्षानुवर्षं तेच. मोजणाऱ्याला त्या त्या रात्री नवं असं काहीच हाती लागत नाही. पण २०१० पासून आकडे घसरू लागले, तेव्हा घसरण कशाच्या तुलनेत आहे हे सांगायला मागची वर्षं हाताशी होती. घट ९६ टक्के भरली. शंभरातले चार उरले. ज्या वाटेवर एका रात्री सॅलमँडर सहज भेटत, तिथे रात्रभर हिंडून एखादा दिसू लागला.

आकडे एवढे पडले की पहिला संशय जागेवर येतो. जंगल तोडलं का, झरे आटले का, पाणी दूषित झालं का? बुंडरबोसमध्ये झाडं उभी होती, झरे वाहत होते, आणि घटीचा एवढा वेग स्पष्ट होईल असा कोणताही बदल जागेत दिसत नव्हता. मग रोगांकडे नजर गेली. उभयचरांच्या दोन साथी तेव्हा सगळ्यांना माहीत होत्या. एक रानाव्हायरसची. दुसरी कायट्रिड बुरशीची, जिला १९९९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं आणि जिने ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेत बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या. दोन्हींच्या चाचण्या झाल्या. दोन्हींतून काही निघालं नाही.

राव्हॉनच्या अन्नेमारिके स्पिट्झन-व्हान डर स्लाउस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ही घट प्रसिद्ध केली, तेव्हा शीर्षकातच तिला वेगवान आणि गूढ म्हटलं. कारण सापडलेलं नसताना, केवळ ‘हे घडतंय आणि माहीत असलेल्या कोणत्याही कारणात बसत नाही’ एवढंच लिहून छापायला धीर लागतो. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या टप्प्याचा. चाचणी निगेटिव्ह आली की फाइल बंद करायचा मोह मोठा असतो. पण पीसीआर चाचणी नेमका विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. ती एका विशिष्ट जीवाचा डीएनए शोधते. तो नसला तर ‘नाही’ म्हणते, मग शेजारी दुसराच कुणी बसलेला का असेना. बुंडरबोसच्या निगेटिव्ह अहवालांचा खरा अर्थ ‘बुरशी नाही’ असा नव्हता, ‘ती बुरशी नाही’ एवढाच होता.

३९ जनावरं आत घेतली

दरम्यान निर्णय घ्यायची वेळ आली होती. कारण माहीत नाही, प्राणी संपत चाललेत. थांबायचं की उरलेले उचलायचे? शेवटी ३९ सॅलमँडर जंगलातून पकडून बंदिवासात नेले. हे बियाणं जपून ठेवण्यासारखं होतं: जंगलात काही उरलंच नाही, तर इथून परत सोडता येतील. पुढे केर्क्राडे इथल्या गायाझू प्राणिसंग्रहालयाने या वस्तीचा सांभाळ केला.

या निर्णयात धोका होता. मारणारं जे काही आहे ते कातडीवर बसून सोबत येणार नाही याची खात्री कुणालाच नव्हती. आणि ते आलंच. २०१२ च्या अखेरीस बंदिवासातले सॅलमँडर मरू लागले आणि बघता बघता त्या वस्तीतले निम्मे गेले. त्या महिन्यांत काळजी घेणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल याचा विचार मनातून जात नाही. जंगलातून वाचवून आणलेली शेवटची जनावरं हातात मरत होती.

पण इथेच प्रकरणाला वळण मिळालं. जंगलातलं शव मिळेपर्यंत कुजलेलं असतं, इथे मरणारं जनावर डोळ्यांसमोर होतं. लक्षणं दिसत होती: खाणं सोडायचं, चाल लटपटायची, कातडीवर वरवरचे ओरखडल्यासारखे चट्टे आणि बारीक व्रण उमटायचे. काळ्या अंगावर हे व्रण सहज नजरेत भरत नाहीत, जनावर हातात घेऊन तिरप्या उजेडात बघावं लागतं. एकदा लक्षणं दिसली की काही दिवसांत खेळ आटपायचा.

मेलेल्या सॅलमँडरांच्या कातडीचे पातळ छेद बेल्जियममधल्या खेंट विद्यापीठात आन मार्टेल आणि फ्रांक पास्मन्स यांच्या गटाने तपासले. काचपट्टीवर कातडीचा सर्वात वरचा थर ठिकठिकाणी खचलेला दिसत होता आणि पेशींच्या आत गोल गोल पिशव्या दाटीने बसल्या होत्या. एकेका पेशीत एकाहून जास्त. रचना कायट्रिड बुरशीची, पण ओळखीच्या बुरशीच्या चाचणीला दाद न देणारी. त्यांनी ती कातडीपासून वेगळी करून प्रयोगशाळेत वाढवली. १० ते १५ अंश सेल्सिअसला तिची वाढ उत्तम होत होती, ५ अंशांनाही ती वाढत होती आणि २५ अंशांना मरत होती. बेडकांना मारणाऱ्या तिच्या बहिणीला याहून उबदार हवा मानवते. ओल्या, थंड, सावलीच्या जंगलात, झऱ्याकाठी पाचोळ्याखाली जे तापमान असतं, नेमकं तेच हिला हवं होतं. सॅलमँडरला सोयीचं ते सगळं हिलाही सोयीचं.

नुसती बुरशी सापडणं पुरेसं नसतं. मेलेल्या कातडीवर काहीही उगवू शकतं. तीच मारते हे सिद्ध करायला निरोगी जनावराला तिचा संसर्ग देऊन बघावं लागतं. पाच निरोगी फायर सॅलमँडरांच्या अंगावर बुरशीचे बीजाणू सोडले. १२ ते १८ दिवसांत पाचही मेले, आणि व्रण तेच. आजारी जनावरासोबत दोन दिवस ठेवलेले दोन निरोगी सॅलमँडरही पुढच्या काही आठवड्यांत मेले. दोन दिवसांचा सहवास पुरला. असा प्रयोग वाचताना पोटात कालवतं. पण तो झाला नसता तर बुरशीवरचा आरोप संशयच राहिला असता, आणि नुसत्या संशयावर कोणत्याही देशाने आयातीचा कायदा बदलला नसता.

२०१३ मध्ये या बुरशीचं वर्णन प्रसिद्ध झालं. नाव ठेवलं बॅट्राकोकायट्रियम सॅलमँड्रिव्होरान्स, म्हणजे सॅलमँडर खाणारी. बोलताना सगळे तिला बीसॅल म्हणतात.

उभयचराची कातडी म्हणजे नुसतं आवरण नव्हे हे इथे सांगायला हवं. तो कातडीतून श्वास घेतो, पाणी आत-बाहेर करतो, क्षारांचा तोल सांभाळतो. आपल्याला खरचटलं तर खपली धरते. सॅलमँडरच्या कातडीला शेकडो भोकं पडली तर त्याची फुप्फुसं आणि मूत्रपिंडं एकदम निकामी झाल्यासारखं होतं.

ती आली कुठून

एवढी घातकी बुरशी त्या जंगलात पूर्वापार असती, तर तिथे सॅलमँडर उरलेच नसते. म्हणजे ती नवी होती, बाहेरून आलेली. उत्तर २०१४ मध्ये मिळालं. खेंटच्या गटाने इतर देशांतल्या संशोधकांच्या साथीने चार खंडांतल्या पाच हजारांहून अधिक उभयचरांच्या कातडीवरून स्वॅब घेऊन तपासले. युरोपातल्या साथीच्या भागाबाहेर बीसॅल सापडली ती थायलंड, व्हिएतनाम आणि जपान इथल्या सॅलमँडर-न्यूटांवर, आणि तिथे तिच्यामुळे वस्त्या कोसळल्याची खूण नव्हती. संग्रहालयात जपून ठेवलेल्या, दीडशेहून अधिक वर्षं जुन्या एका आशियाई न्यूटच्या कातडीतही ती निघाली. जनुकांच्या हिशेबाने ती आशियात कोट्यवधी वर्षं नांदत असावी. तिथले काही न्यूट तिला अंगावर बाळगून जगतात. लाखो पिढ्यांच्या सहवासात दोघांनीही जमवून घेतलंय.

मग ३५ जातींवर संसर्गाची चाचणी झाली. बेडकांच्या जाती बाधित झाल्या नाहीत. पाय नसलेल्या उभयचरांच्या, म्हणजे आपण ज्यांना देवगांडूळ म्हणतो त्यांच्या, चाचणीत घेतलेल्या जातीलाही काही झालं नाही. युरोप आणि आसपासच्या भागातल्या सॅलमँडर-न्यूटांची गोष्ट वेगळी निघाली. संसर्ग दिलेल्या ४४ जनावरांपैकी ४१ झपाट्याने मेली.

आशियातून लिम्बर्गपर्यंत बुरशी स्वतः चालत येणार नाही. वाट एकच पटण्यासारखी आहे: पाळीव प्राण्यांचा व्यापार. काचेच्या टाकीत ठेवायला रंगीत न्यूट लाखोंनी विकले जातात. चीनमधल्या लालबुंद पोटाच्या एकाच जातीचे वीस लाखांहून जास्त न्यूट २००१ ते २००९ या काळात एकट्या अमेरिकेत आयात झाले. युरोपात आणलेल्या टायलोटोट्रायटन या वंशातल्या (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) व्हिएतनामी सॅलमँडरांवर बीसॅल प्रत्यक्ष मिळाली. याच वंशातला हिमालयी सॅलमँडर दार्जिलिंगच्या डोंगरांत आणि पूर्व नेपाळमध्ये राहतो, आणि मणिपूरमधल्या एका जातीला २०२३ मध्ये स्वतंत्र नाव मिळालं. भारतातले सगळे सॅलमँडर या एका वंशाचे, म्हणून हा तपशील वाचताना माझं लक्ष तिथे अडकलं.

बुंडरबोसमध्ये नेमकं कुणी काय केलं ते कळणं शक्य नाही. नको झालेला न्यूट कुणी ओहोळात सोडला असेल, टाकीचं पाणी बाहेर ओतलं असेल, किंवा चिखलाच्या बुटांनी शेजारच्या भागातून बुरशी आणली असेल. पुढे जर्मनीतले जुने नमुने तपासले, तेव्हा उत्तर आयफेल भागात ही बुरशी २००४ मध्येच होती असं दिसलं. म्हणजे बुंडरबोस ही तिची युरोपातली पहिली जागा असेलच असं नाही. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली ती ही जागा. मोजणी नव्हती तिथे सॅलमँडर गुपचूप गेले.

सहा महिन्यांत काय घडतं

बुंडरबोसची साथ मागे वळून वाचावी लागली, कारण बुरशीला नाव मिळेपर्यंत बहुतेक जनावरं गेली होती. साथ सुरुवातीपासून बघायची संधी बेल्जियममधल्या रोबेरव्हिल इथे मिळाली, बुंडरबोसपासून साधारण ५७ किलोमीटरवर. एप्रिल २०१४ मध्ये तिथल्या फायर सॅलमँडरांत बीसॅल सापडली आणि खेंटच्या गटाने लागलीच दोन वर्षांची नोंद सुरू केली. हे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. बुंडरबोसमध्ये पडद्याआड काय घडलं असेल, ते त्यातून समजतं.

सहा महिन्यांत ९० टक्क्यांहून जास्त सॅलमँडर गेले. दोन वर्षांनंतरही वस्ती सावरत असल्याचं चिन्ह नव्हतं. पोक्त जनावरांना फटका जास्त, कारण मीलनासाठी आणि हद्दीसाठी तीच एकमेकांना भेटतात. लहानांचा कुणाशी फारसा संबंध येत नाही. वर सांगितलेली चाल इथे उलटते: ज्यांच्यावर वस्ती उभी, तेच आधी जातात, आणि उरलेली पिल्लं मोठी होऊन एकमेकांना भेटू लागली की त्यांचीही पाळी येते.

साथीच्या साध्या गणितात एक दिलासा असतो. प्राणी विरळ झाले की भेटी कमी होतात आणि साथ आपोआप थंडावते. इथे तोही मिळत नाही. प्राणी थोडे उरले तरी मीलनाच्या हंगामात एकमेकांना शोधून काढतातच. शिवाय बुरशीला दुसरीही घरं आहेत. त्याच ओहोळ-डबक्यांत राहणारे अल्पाइन न्यूट कमी मात्रेचा संसर्ग झाला तर लगेच मरत नाहीत, तो बाळगत फिरतात. आधी बेडकांना काही होत नाही असं वाटलं होतं, पण मिडवाइफ टोड या भेकालाही संसर्ग होतो आणि तो धडधाकट राहून तो पुढे देऊ शकतो, हे या कामातून पुढे आलं. भरीला बुरशीचे दोन प्रकारचे बीजाणू आहेत. एक शेपटीने पोहणारे, नाजूक, थोड्या वेळाचे सोबती. दुसरे जाड कवचाचे, पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारे, डबक्याच्या पाण्यात महिनाभर संसर्ग देण्याची ताकद टिकवून धरणारे. पाणपक्ष्याच्या पायाच्या खवल्यांनाही ते चिकटतात.

आणखी एक दार बंद झालं ते प्रतिकारशक्तीचं. फायर सॅलमँडरला थोड्या मात्रेचा संसर्ग देऊन बघितलं, आधी एकदा बरं केलेल्याला पुन्हा संसर्ग देऊन बघितलं. शरीर काही शिकत नाही. मात्रा कमी असली तर मरण थोडं लांबतं, इतकंच. म्हणजे लस टोचून सोडण्याचा मार्ग निदान या जनावरापुरता मिटला. हा सगळा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा एकेक वाक्य संपताना पुढच्यात तरी काही सुटका असेल म्हणून मी पान उलटत होतो.

हाताशी काय आहे

बरं करता येतं. विरोधाभास वाटेल, पण हाती लागलेला सॅलमँडर बरा करणं कठीण नाही. बुरशी २५ अंशांना मरते, फायर सॅलमँडर तेवढी ऊब काही दिवस सोसतो. दहा दिवस २५ अंशांत ठेवलं की अंगावरची बुरशी संपते. ज्या जातींना तेवढी ऊब सोसत नाही त्यांच्यासाठी २० अंशांत व्होरिकोनाझोल आणि पॉलिमिक्सिन ई ही दोन औषधं एकत्र वापरायची पद्धत आहे. आज बुंडरबोससारखी वेळ आली तर पकडलेलं प्रत्येक जनावर वेगळ्या डब्यात, स्वॅब तपासून, उपचार करून मगच इतरांत मिसळायचं, ही रीत ठरलेली आहे. ३९ जनावरांच्या वेळी त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तरी ती उचलण्याचा निर्णय योग्य होता असं मी ठामपणे म्हणेन. नाहीतर निम्मी वाचली तीही वाचली नसती आणि बुरशी सापडायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे.

पण डब्यातला उपचार जंगलाला लागू पडत नाही. अख्ख्या उताराला २५ अंशांचा शेक देता येत नाही. बुरशीनाशक फवारलं तर जमिनीतली उपयोगी बुरशीही मरते आणि झऱ्यांचं पाणी खराब होतं. बरं केलेला सॅलमँडर त्याच ओहोळाकाठी सोडला की तिथला अल्पाइन न्यूट त्याला पुन्हा बुरशी देणार. बंदिवासातली वस्ती आहे आणि सोडायला जागा नाही, अशी ही कोंडी आहे.

म्हणून खरा जोर आहे तो बुरशी नव्या ठिकाणी पोहोचू न देण्यावर. जगातल्या सॅलमँडरांच्या जातींपैकी जवळपास निम्म्या उत्तर अमेरिकेत आहेत. अमेरिकेने जानेवारी २०१६ मध्ये २० वंशांतल्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली, कॅनडाने २०१७ मध्ये. हे नियम आले तेव्हा त्या खंडात बीसॅल सापडलेली नव्हती. आग लागायच्या आधी पाणी तयार ठेवल्याची उदाहरणं निसर्गसंरक्षणात कमी आहेत, हे त्यांतलं एक. त्यामागे बुंडरबोसच्या ओल्या रात्रींतले आकडे होते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये सॅलमँडरांच्या व्यापारासाठी विलगीकरण आणि तपासणी सक्तीची केली. तेवढ्यात जर्मनीत बुरशी रुर भागात आणि पुढे बव्हेरियात सापडली. २०१८ मध्ये तर थेट स्पेनमध्ये, कातालोनियातल्या मोंतनेग्रे नैसर्गिक उद्यानात, मार्बल्ड न्यूट मेलेले मिळाले. तेवढं अंतर बुरशी जंगला-जंगलातून कापणं शक्य नाही. माणसाने नेल्याशिवाय ती तिथे जात नाही.

जंगलात जाणाऱ्यांसाठीची रीत साधी आणि कंटाळवाणी आहे, आणि ती पाळावीच लागते. एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना बुटांचा चिखल ब्रशने खरवडून काढायचा, बूट आणि जाळी निर्जंतुक करून पूर्ण वाळवायची, प्रत्येक जनावराला हात लावताना नवा हातमोजा. चिखल राहिला तर औषध आत पोहोचत नाही, म्हणून आधी ब्रश, मग औषध. आणि पाळलेला उभयचर किंवा त्याच्या टाकीचं पाणी बाहेर कधीही सोडायचं नाही.

बुंडरबोसच्या बाबतीत एक गोष्ट मात्र अपेक्षेपेक्षा बरी निघाली. बाधित वस्तीपासून सुमारे ८०० मीटरवर सॅलमँडरांची आणखी एक जागा आहे. इतक्या जवळ म्हणजे वर्ष-दोन वर्षांत तीही जाणार असं वाटत होतं. राव्हॉनच्या लोकांनी तिथेही वाट आखली, पाठीवरच्या पट्ट्यांचे फोटो काढून एकेक जनावर नोंदवलं, स्वॅब घेतले, न्यूटही तपासले. २०१८ मध्ये त्यांनी नोंदी प्रसिद्ध केल्या: साथीनंतर इतकी वर्षं होऊनही बुरशी त्या ८०० मीटरपलीकडे गेलेली नव्हती. आधीच्या वर्षी फोटो काढलेले सॅलमँडर पुढच्या वर्षी त्याच पट्ट्यांनिशी, त्याच ओंडक्यांच्या आसपास पुन्हा भेटत होते.